सुझानच्या बारा सुया

११ जानेवारी, शनिवार

ही वही सुझानची. पहिल्या एकवीस पानांवर तिचं अक्षर आहे: गोधड्यांची मापं, कापडांचे तुकडे डकवलेले, मध्येच दूधवाल्याचा नंबर. बाविसाव्या पानापासून मी. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे हे मी ती असतानाही सांगायचे, त्यावर ती म्हणायची, आई, तू अक्षराचाच पगार घेतलास. तीस वर्षं शाळेत रोज पाठाचं टाचण लिहिलं. निवृत्त झाले तेव्हा सुटले म्हटलं होतं. आता आपणहून लिहायला बसले आहे, कारण बोलायला घरात कोणी उरलेलं नाही.

तिला जाऊन आज चार महिने झाले. डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. तेहतीस वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला, सॅन्टनना, झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा ही अंधेरीची नोकरी सोडून इथे, वसईजवळच्या गिरीजला, परत आली. तेव्हा मी रडले नाही, तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, पप्पांकडे मी बघते, तुझ्याच्याने त्यांना उचलवत नाही. दिवसा त्यांना बघायची आणि जमेल तेव्हा गोधड्या शिवायची. ती त्यांना आर्ट क्विल्ट म्हणायची. गोधडीला क्विल्ट म्हटलं की अंथरुणातून तिची भिंतीवर बदली होते, एवढंच मला कळलं होतं.

आज हेमांगी आली होती. सुझानबरोबर शिवणारी, वसईत फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी. मार्चमध्ये प्रदर्शन आहे, सुझानची गोधडी निवडली गेली होती, अर्धी झाली आहे. पुरी करून दिलीत तर तिच्याच नावाने लावू, म्हणाली. मी हो म्हटलं.  सुझानच्या कपाटाला मी चार महिने हात लावलेला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

कपाट उघडलं. वास अजून आहे. लगेच बंद केलं, मग पुन्हा उघडलं.

गोधडी पलंगभर आहे. आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, मधोमध. भोवती केळी, तीन माड, घराचं छप्पर. पाण्याला तिने तिच्या कॉलेजातल्या निळ्या ओढणीचे तुकडे लावले आहेत. डावी बाजू पुरी झाली आहे, उजवीकडे नुसता कच्चा टाका. सोबत कागदावर आखणी आहे. त्यात उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात काहीच काढलेलं नाही, फक्त पेन्सिलीने लिहिलंय, ‘हा कोपरा पप्पांचा’. म्हणजे तिथे सॅन्टन उभे करायचे होते. तेवढं मला समजतं.

सुयांचा एक फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा आहे, पुस्तकासारखा मिटणारा. बारा सुया. आतल्या बाजूला तिने लिहून ठेवलंय, ‘मोजून काढ, मोजून ठेव.’ मी तिची आई असूनही मला ही ताकीद वाचून सरळ बसावंसं वाटलं.

शिवायला सॅन्टनच्याच खोलीत बसते. मोठी गोधडी दुसरीकडे पसरत नाही, आणि मी तिथे असले की ते शांत असतात. त्यांच्या पायांवर अर्धी गोधडी, माझ्या मांडीवर अर्धी. त्यांना आता एकच शब्द येतो, ‘आहे’. पाणी हवं तरी आहे, अंग दुखलं तरी आहे. दफनविधीच्या दिवशी चर्चमधून परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, आपली सुझान गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आहे’. त्यांना किती कळतं हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. मी धरून चालते की फारसं कळत नाही. तसं धरलं की बरं पडतं.

२० जानेवारी, सोमवार

सॅन्टनच्या जुन्या पट्ट्यांच्या सदऱ्यातून कापून त्यांना कोपऱ्यात उभं केलं. बुजगावणं झालं. उसवलं. पुन्हा कापलं, या वेळी हातात केळीचा घड दिला. घड धरलेलं बुजगावणं झालं. तेही उसवलं. कोपरा मोकळा ठेवून बाकीचं शिवते आहे.

कृष्णाबाईने आज आल्तारावरचं, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातलं, मेणबत्तीचं थोटूक मागितलं. कृष्णाबाई शेजारच्या गास गावाहून येते, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सुझाननेच ठेवलेली, तीन वर्षं झाली. साडेदहाला सॅन्टनना खुर्चीत बसवून ओटीवर, घरापुढच्या पडवीत, नेते, बावखलाकडे तोंड करून. त्या दीड तासात मी बाजार, बँक, चर्च उरकते. मेणबत्ती कशाला म्हटलं तर म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या टीचर, लागते.’ दिली. देवाची मेणबत्ती आणि ती तिच्या पिशवीची झिप सरकायला वापरणार असेल.

तिच्या बोलण्यात ‘पानी’ आणि ‘कोन’ ऐकून माझ्यातली मास्तरीण अजून दचकते. सॅन्टनना मात्र तिचंच बोलणं आवडतं. ओटीवर दोघं गुपचूप बसलेली असतात. मी बाजारातून आले आणि फाटक वाजलं की ती लगबगीने उठते.

२५ जानेवारी, शनिवार

अकरा.

चौदा तारखेनंतर आज संध्याकाळी सात वाजता पहिल्यांदा सुया मोजल्या, अकरा भरल्या. पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून मोजल्या. सुझानने ओळीने टोचलेल्या असत, सहा आणि सहा. खालच्या ओळीत पाच.

आज दिवसभर त्यांच्या अंगावर गोधडी पसरून शिवत होते. दोनदा चहाला उठले, एकदा फोनला. सुई कुठे टोचून ठेवली आठवत नाही. गोधडीत असेल. गादीत असेल. त्यांच्या कपड्यांत असेल.

उजव्या बाजूला त्यांना काहीही कळत नाही. गेल्या वर्षी गरम पाण्याची पिशवी फुटली तेव्हा मांडी भाजली आणि ते खिडकीबाहेर बघत होते. त्यात साखर. डॉक्टरने सुझानला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, यांना साधा ओरखडा म्हणजेही जखम समजा, चिघळली तर पाय नाहीतर हात काढावा लागेल. आणि मी या माणसाच्या अंगावर सुईदोरा घेऊन बसते.

त्यांना एका कुशीवर वळवलं, चादर ओढली, दुसऱ्या कुशीवर वळवलं. एकटीने. कंबरेत कळ आली. सगळे कपडे काढून झटकले. ते उघडे पडून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सुई कुठे आहे, तुम्हाला दिसली का? म्हणाले, ‘आहे’. माहीत आहे हो, म्हटलं, सगळंच आहे.

आई म्हणायची, घरात हरवलेली सुई माणसाला शोधत येते. हे आजच आठवायचं होतं.

२६ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला गेले नाही. शेजारच्या रोनाल्डला बोलावलं. तो विजेची कामं करतो, त्याच्याकडे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आहे. त्याला सांगितलं, टाचणी पडली आहे. सुई म्हणायला जीभ धजली नाही, कारण रोनाल्डच्या बायकोचा आणि पुण्यातल्या माझ्या मुलाचा, व्हिव्हियनचा, व्हॉट्सॲपवर एकच ग्रुप आहे.

आम्ही दोघांनी सॅन्टनना खुर्चीत बसवलं आणि गादी इंच इंच चुंबकाने फिरवून काढली. मग उशा, मग गोधडी दोन्ही बाजूंनी, मग फरशी. पलंगाच्या फटीत काहीतरी खटकन चिकटलं. माझ्या छातीतून आवाज आला तो रोनाल्डनेही ऐकला.

केसांची पिन होती. काळी, टोकाला रंग उडालेली. सुझान पप्पांच्या पायथ्याशी आडवी व्हायची तेव्हा पडली असेल. रोनाल्ड म्हणाला, चला आंटी, सापडली ना टाचणी. मी हो म्हटलं. पिन वहीच्या या पानाला लावून ठेवते आहे.

खुर्चीवर चुंबक फिरवण्यात अर्थच नव्हता, लोखंडाचीच ती. चुंबक तिलाच चिकटून बसलं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

आज अंघोळ घालताना त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर दोन लाल ठिपके दिसले. टोचल्यासारखे. एका ठिपक्याभोवती सूज आहे.

मी रिक्षा बोलावली. कृष्णाबाईला म्हटलं, काटा गेलाय, एक्स-रे काढून येऊ. ती म्हणाली, मी येते संगं. रिक्षात त्यांना मिठीत धरून बसली होती आणि सारखा तो उजवा हात स्वतःच्या पदरात घेत होती. डॉक्टरने विचारलं, काय टोचलं? मी सांगितलं, केळीच्या वाडीत बसतात, काटा असेल. केळीला काटे नसतात हे त्या डॉक्टरला माहीत नव्हतं, देवाची कृपा. साठीत मी खोटं बोलायला शिकते आहे.

एक्स-रेत सुई नाही. हातात नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज वाढली तर लगेच आणा म्हणाला. म्हणजे सुई हातातून गेली आणि अजून कुठेतरी बाहेर आहे.

घरी आल्यावर जाहीर केलं, या खोलीत यापुढे टोकदार काहीही येणार नाही. कात्रीसुद्धा नाही. सॅन्टनकडे बघून म्हटलं. त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. दुखत असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

सूज उतरली. दर दोन तासांनी बघते आहे. कधी कधी दर अर्ध्या तासाने.

व्हिव्हियनचा फोन आला. पुण्यात त्याच्या घराजवळ एक केंद्र आहे, तिथे पप्पांसाठी जागा बघून ठेवली आहे. चोवीस तास नर्स, लिफ्ट, भिंतीला धरायच्या दांड्या. तू आमच्याकडे राहा, रोज भेटायला जा. दोन मार्चला रविवारी येतो, तेव्हा ठरवू. मुलगा वाईट नाही. तो म्हणतो ते प्रत्येक वाक्य बरोबर असतं, म्हणूनच भीती वाटते. बावखलाकडे तोंड करून बसवायला तिथे कोण आहे? चौसष्ट वर्षं हा माणूस या पाण्याकडे बघून उठला आहे.

त्याने विचारलं, पप्पा कसे आहेत? मी म्हटलं, छान. आई, तुला एकटीला जमतंय ना? मी म्हटलं, न जमायला काय झालं.

त्याला सुईचं कळलं तर दोन मार्चपर्यंतही थांबणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

गोधडी आता बाहेरच्या खोलीत टेबलावर शिवते. लाल दोऱ्याचं रीळ काढलं तर निम्मं संपलेलं. लाल दोरा मी छपराला चार टाके घालण्यापुरता वापरला होता. रीळ हातात घेऊन बसले आणि एकेक आठवत गेलं. मेणबत्ती. फाटक वाजल्यावर उठणं. माझी शाळेतली पांढरी, निळ्या काठाची सुती साडी दोन वर्षांपूर्वी गायब झाली होती, तिचं फडकं केलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आणि सुई.

कृष्णाबाईला बोलावलं. सॅन्टनच्या खोलीतच, ते जागे होते. विचारलं, सुझानच्या सुयांतली एक सुई तू घेतलीस का? ती माझ्याकडे बघायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, इकडे बघ. या माणसाच्या हाताला ती सुई टोचली. मी पंधरा दिवस झोपलेले नाही. कुठे आहे सुई?

ती म्हणाली, ‘सुई हरवली नाय, टीचर.’

मग कुठे आहे? ती पदराचं टोक पिळत राहिली. सॅन्टन ‘आहे, आहे’ म्हणायला लागले, जोरात, डावा हात हलवत. त्यांना एवढं चिडलेलं मी बघितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, बघ काय केलंस त्यांचं. तेव्हा ती म्हणाली, ‘मला नका इचारू. मी सुझानबायला शब्द दिलाय.’

मेलेल्या मुलीचं नाव पुढे केलं. माझं डोकं फिरलं. चोरी पकडली गेली की वर्गातली पोरंसुद्धा देवाची शपथ घेतात. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस.

 जाताना तिने सॅन्टनचे पाय नीट उशीवर ठेवले, उजवा हात उचलून पोटावर ठेवला आणि गेली. निरोप घेण्यासारखं सगळं तीच करून गेली, मला काही करायचं उरलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सॅन्टन जेवले नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी बाई मिळत नाही. सकाळी रोनाल्ड येऊन त्यांना खुर्चीत बसवतो, बाराला पलंगावर ठेवतो. तो मधला वेळ मी स्वयंपाक करते. ते ओटीवर बावखलाकडे तोंड करून, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसतात. मी डोकावले की मान वळवतात आणि मी जाईपर्यंत तसेच माझ्याकडे बघत राहतात. परकं माणूस दारात उभं राहिलं की बघतात तसं.

पण आज लिहायचं ते वेगळं आहे. कालपासून ते चादर उसवतात. डाव्या हाताच्या नखांनी चादरीचा धागा धरतात, हळूहळू ओढून काढतात आणि तो धागा माझ्यापुढे धरतात. मी घेतला नाही तर माझ्या हातावर ठेवतात. आज दिवसभरात सात धागे.

माझे वडील गेले तेव्हा शेवटचे आठ दिवस ते गोधडीवरून न दिसणारं काहीतरी वेचत होते. आत्या म्हणाली होती, माणूस अंथरूण वेचायला लागला की त्याची निघायची तयारी झाली. मी सहावीत होते. ते बोटांचं चिमटीत धरणं मी विसरलेले नाही.

मी त्यांची नखं कापली. कापताना रडले. ते ‘आहे’ म्हणाले आणि पुन्हा चादरीकडे हात नेला.

हे जातील. सुझानला सहा दिवस लागले, यांना किती लागतील? घरात मी आणि बारातल्या अकरा सुया.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गोधडी गुंडाळून ठेवली. हेमांगीला फोन करून सांगितलं, नाही जमत. ती म्हणाली, काकी, पाच तारखेपर्यंत वाट बघते. कोणी वाट बघतो म्हटलं तरी आता धस्स होतं.

धागे ओढणं थांबलं आहे. नखं कापल्यामुळे धरता येत नाहीत. बरं झालं म्हणायचं तर ते आता काहीच करत नाहीत. ओटीवर मात्र जायचं असतं. रोनाल्डला यायला उशीर झाला की डावा हात दाराकडे करतात.

विचार करते, व्हिव्हियनचंच बरोबर असेल. मी एक सुई सांभाळू शकले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा व्हिव्हियन येणार म्हणून घर आवरायला काढलं. पडदे धुतले. खुर्चीच्या गादीची खोळ मळली होती, ती काढायला घेतली. ही खोळ धुणं कृष्णाबाईचं काम होतं, मी तीन वर्षांत तिला हात लावलेला नाही. डाव्या बाजूला तिला झिप आहे. झिप सरकायला मेण लावलेलं नव्हतं.

आत हात घातला आणि कापड लागलं. ते बाहेर काढलं तर त्यात मेणबत्तीचं थोटूक गुंडाळलेलं, आणि थोटकात टोचलेली सुई.

मी तशीच ओटीवर खाली बसले.

कापड म्हणजे माझी साडी. शाळेची, पांढरी, निळ्या काठाची. वीतभर चौकोन कापलेला, काठ खाली येईल असा. त्यावर पेन्सिलीने एक बाई काढली आहे. सुझानची रेघ मी ओळखते. बाईच्या हातात छत्री, खांद्यावर पिशवी, पायाखाली बांध, बाजूला पाणी. बावखलाच्या कडेने शाळेत जाणारी बाई. तीस वर्षं मी त्याच बांधावरून गेले.

रेघेवर लाल दोऱ्याने टाके घातले आहेत. पहिले इतके वेडेवाकडे की पहिलीतल्या मुलाने गिरवावं. पेन्सिलीच्या रेघेला सोडून भलतीकडे गेलेले, उसवून पुन्हा घातलेले. छत्रीपाशी थोडे सुधारले आहेत. डोकं, अंबाडा, खांदा, पिशवी झाली आहे. काही ठिकाणी तपकिरी डाग आहेत. रक्ताचे आहेत. सॅन्टनच्या डाव्या हाताच्या बोटांवर मला टोचल्याच्या खुणा दिसायच्या, मी समजायचे साखर तपासायला कृष्णाबाई टोचते.

पिशवीच्या खाली दोरा संपतो. पण टाके संपत नाहीत. साडीच्या निऱ्यांवरून, पायांपर्यंत, पेन्सिलीच्या रेघेवर नुसती भोकं आहेत. कापड उजेडात धरलं तेव्हा दिसली. एका मापाची, एका ओळीत, आत गेलेली आणि बाहेर आलेली. कृष्णाबाई गेल्यापासून त्यांना दोरा ओवून द्यायला कोणी नव्हतं. हे बिनदोऱ्याची सुई घेऊन शिवत बसले होते. तीन आठवडे.

चादरीतून ते दोराच शोधत होते, आणि मी नखं कापली.

खोलीत गेले. कापड त्यांच्यासमोर धरलं. मी काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच काही म्हणाले नाहीत.

१ मार्च, शनिवार

रोनाल्डच्या बायकोला बसवून गासला गेले. कृष्णाबाई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, पण सूप बाजूला ठेवलं.

मी सांगितलं, माझं चुकलं. आयुष्यभर पोरांकडून हे वाक्य म्हणवून घेतलं, स्वतः म्हणताना कळलं किती लांब आहे. मग तिने सांगितलं. झटक्यानंतर डाव्या हाताला काम हवं म्हणून सुझानने त्यांना सुई दिली. वर्षभर नुसत्या रेघा शिवायला लावल्या. मग ही गोधडी काढली तेव्हा म्हणाली, एक कोपरा पप्पा शिवतील, आईला पुरं झाल्यावरच दाखवायचं, तोवर दोघांनी तोंड उघडायचं नाही. तिला हॉस्पिटलमध्ये नेत होते तेव्हाही कृष्णाबाईचा हात धरून तेच म्हणाली. जानेवारीत मी गोधडी परत काढली आणि चहाला उठले, तेवढ्यात सॅन्टननी माझ्याच समोरच्या फेल्टमधली सुई उचलून उशीखाली घातली.

‘सांगितलं असतं तर तुमी बंद केलं असतं,’ कृष्णाबाई म्हणाली. ‘टोकदार कायपन खोलीत येनार नाय, तुमीच बोलला.’

खरं आहे. बंद केलं असतं. दोन ठिपके कसे पडले तेही तिने सांगितलं. कापड हलू नये म्हणून ते आपला उजवा हात त्यावर वजनासारखा ठेवतात. तिची नजर चुकली त्या दिवशी सुई त्या हातात गेली, दोनदा, आणि त्यांना कळलं नाही. तेव्हापासून तिने कापड स्वतः धरायला घेतलं होतं. म्हणजे पंधरा दिवस जी भीती मला वाटत होती ती खोटी नव्हती. फक्त मी ती भलत्या गादीत शोधत होते.

उद्या येशील का विचारलं. म्हणाली, उद्या रविवार, माझी सुट्टी. सोमवारी येते.

२ मार्च, रविवार

व्हिव्हियन अकराला आला. सॅन्टन ओटीवर खुर्चीत होते. मांडीवर पाट, पाटावर कापड. मी शेजारी स्टुलावर. आज मी दोरा ओवला, मेणावरून ओढला आणि सुई त्यांच्या डाव्या हातात दिली. देताना माझाच हात मागे येत नव्हता. त्यांनी ती माझ्या बोटांतून हळूच सोडवून घेतली.

पहिला टाका त्यांनी पिशवीखालच्या पहिल्या भोकात घातला. मग दुसऱ्या. वाट आधीच पाडून ठेवली होती, त्यामुळे आज हात भराभर चालला.

व्हिव्हियन फाटकातच थांबला होता. किती वेळ बघत होता माहीत नाही. वर आला आणि म्हणाला, ‘आई, तू पप्पांच्या हातात सुई देतेस? उजव्या हातात घुसली तर त्यांना कळणारसुद्धा नाही.’

मी त्याला सगळं सांगितलं. हरवलेली सुई, चुंबक, एक्स-रे, केळीचे काटे, कृष्णाबाई. काही लपवलं नाही. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटलं, आता हा गाडीत घालूनच नेणार. शेवटी मी म्हटलं, ‘घुसू शकते. मला अजून भीती वाटते. म्हणून उजवा हात बाजूला ठेवलाय आणि कापड मी धरलंय.’

 तो बहिणीने काढलेली पेन्सिलीची रेघ वाकून बघत राहिला. मग विचारलं, ही छत्री घेतलेली तू ना? जेवताना म्हणाला, त्या जागेसाठी महिनाभर थांबायला सांगतो, मग बघू. महिना म्हणजे महिना. त्याच्यापुढे काय, हे मला आज माहीत नाही, आणि सॅन्टनच्या उजव्या हाताकडे मी दिवसातून दहा वेळा बघणं काही सुटणार नाही. निघताना तो पप्पांपाशी वाकला. ‘पप्पा, येतो.’ ते म्हणाले, ‘आहे’.

एका निरीवर टाके घालून झाले. पाच तारखेपर्यंत कोपरा पुरा होणार नाही. हेमांगीला कळवलं की बाईला अर्धेच पाय असतील, चालत असेल तर लावा. ती म्हणाली, चालेल.

संध्याकाळी दिवा लागल्यावर सुया मोजल्या. अकरा. बारावी आहे.